गाळा भाड्याने घेताना: करारात थेट तारीख की 'ताबा मिळाल्यापासून'?

समजा मालक म्हणाला १ एप्रिलला ताबा देतो, फर्निचरसाठी ४५ दिवस भाडं माफ. आता करारात थेट "भाडं १६ मेपासून" लिहिलं तर वाचायला एकदम सोपं, अकाउंटंटही खूश, पण मालकाचं काम रखडलं आणि चावी २० मेला हातात आली तर? शटर उघडायच्या आधीच भाडं सुरू, माफीचे ४५ दिवस गेले वाऱ्यावर.

दुसरा प्रकार म्हणजे "ताबा दिल्यापासून ४५ दिवसांनी". याच उदाहरणात भाडं ४ जुलैपासून लागेल, भाडेकरूला हेच बरं. फक्त ताबा म्हणजे काय ते लिहायलाच हवं, नुसती चावी की लाइटचं मीटर चालू, शटर बसवलेलं, मागच्या भाडेकरूचा माल हललेला? नाहीतर भांडण तिथेच होतं. मालकाची बाजूपण खोटी नाही हं, काही लोक मुद्दाम ताबा घ्यायला टाळाटाळ करतात, म्हणून "अमुक तारखेपर्यंत घेतला नाही तरी घेतला असं धरू" हे वाक्य तो टाकणारच.

माझं मत, गाळा तयार असेल तर थेट तारीख, काम चालू असेल तर ताब्यावर बांधा आणि ताब्याच्या दिवशी दोघांच्या सहीचं पत्र करा, त्यात भाडं सुरू, लॉक-इन (करार मधेच मोडता येत नाही तो काळ) संपणार, भाडेवाढ लागणार अशा सगळ्या तारखा आकड्यात लिहून टाका. कराराच्या रजिस्ट्रेशनची ४ महिन्यांची मुदत मात्र करारावरच्या सहीच्या तारखेपासूनच मोजतात, ताबा कधीही मिळो.