लॉकिंग ट्यूनर आणि नवा नट: थंडी, ऊन आणि अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या स्ट्रॅट टाइप गिटारला लॉकिंग ट्यूनर (म्हणजे तार आवळून धरणाऱ्या खुंट्या) बसवले, मग थोड्या दिवसांनी नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात) पण बदलून घेतला, तेव्हापासून पुण्याची थंडी झाली, एप्रिल-मेचं ऊन झालं आणि आता पावसाळाही उरकत आलाय, म्हणून म्हटलं आता लिहावं. ट्यूनिंगच्या बाबतीत आठवड्याभराच्या वापरावर काही सांगण्यात अर्थ नसतो असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नवीन स्ट्रिंग आणि ताजा सेटअप असला की कुठलीही गिटार चार दिवस शहाण्यासारखी वागते.

आधी माझी गिटार काय आहे ते सांगते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी), मेपल नेक, रोजवुड फ्रेटबोर्ड, जुन्या पद्धतीचा सहा स्क्रूवाला ट्रेमोलो ब्रिज, स्ट्रिंग १०-४६ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). ब्लूज आणि हिंदी-मराठी कव्हर्स वाजवते, बेंड (तार बोटाने आडवी ओढून सूर चढवणं) भरपूर, व्हॅमी बार (ब्रिज हलवून सूर खाली-वर करायचा दांडा) मधूनमधून. बँडची प्रॅक्टिस कर्वेनगरला एका बेसमेंटमधल्या जॅमरूममध्ये होते, तिथे एसी असा लावलेला असतो की मे महिन्यात पण ड्रमर जॅकेट घालून बसतो.

आता मुद्द्याचं. दोन्ही गोष्टींवर पैसे खर्च केले आणि दोन्ही गोष्टी आवडल्या, पण ट्यूनिंग टिकण्यात जो फरक पडला तो बहुतेक सगळा नटमुळे पडला. कोणाकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर आधी नट बघा, ट्यूनर नंतर. सगळे उलट सांगतात, कारण ट्यूनर दिसतात आणि नट कोणी बघत नाही.

हे मला नुसतं वाटतंय असं नाही, तुम्ही तुमच्या गिटारवर आत्ता पाच मिनिटांत बघू शकता. जी (G) स्ट्रिंग नीट ट्यून करा, मग एक पूर्ण स्वराचा जोरदार बेंड दोन-तीनदा मारा आणि सूर दाखवणारा इलेक्ट्रॉनिक ट्यूनर परत बघा. उतरली असेल तर नटच्या मागे, म्हणजे नट आणि खुंटीच्या मधल्या तुकड्यावर, बोटाने जरा दाबून सोडा. परत चढून जागेवर आली? मग तुमची खुंटी अजिबात घसरलेली नाही, तार नटच्या खाचेत अडकून बसली होती. बेंड करताना ताण वाढतो म्हणून थोडी तार नटवरून पुढे ओढली जाते आणि सोडल्यावर ती मागे सरकायला हवी, पण खाच घट्ट असेल तर सरकत नाही, म्हणून सूर उतरतो. व्हॅमी खाली दाबलात की बरोबर उलटं होतं, तार ढिली झाल्यावर थोडी मागे खुंटीकडे ओढली जाते, परत येताना अडकते आणि सूर चढा राहतो. म्हणजे बेंडनंतर उतरणं आणि बारनंतर चढणं ही जोडी दिसली की नव्वद टक्के वेळा नटच. ट्यून करताना खुंटी फिरवता फिरवता नटपाशी बारीक "टिंग" असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो, ते पण हेच.

ट्यूनर बसवल्यावर माझं अगदी हेच होत होतं. म्हणजे आधीपेक्षा बरं, पण दोन गाण्यांनंतर जी आणि डी उतरणारच. मग सदाशिव पेठेत एक दुरुस्तीवाले काका आहेत त्यांच्याकडे गेले, मूळचे मिरजेचे, आयुष्यभर तंबोरे आणि सतारी केल्या, गिटारचं काम त्यांनी नंतर सुरू केलं. मी नवे ट्यूनर दाखवले तर म्हणाले, "अगं, खुंटी चांगलीच आहे, पण तार मधेच अडली तर खुंटी बिचारी काय करणार?" मग त्यांनी जी स्ट्रिंग ढिली केली, खाचेतून उचलली आणि परत ठेवली, तर ती आपल्या वजनाने खाली बसेचना, वर दोन कडांमध्ये धरून राहिली. बोटाने दाबल्यावर टक् करून आत गेली. इतक्या जवळून बघितल्यावर सांगायला काही उरतच नाही.

याचं कारण पण सोपं आहे आणि बऱ्याच जणांचं हेच झालेलं असणार. अशा बऱ्याच गिटारी फॅक्टरीतून ९-४२ स्ट्रिंग लावून येतात, खाचा त्याच जाडीच्या हिशोबाने कापलेल्या असतात. ९-४२ मध्ये जाड तिन्ही तारा २४, ३२, ४२ असतात आणि १०-४६ मध्ये २६, ३६, ४६, म्हणजे ए स्ट्रिंग एका इंचाच्या हजार भागांपैकी चार भागांनी जाड. ऐकायला काहीच नाही वाटत, पण खाचेत तेवढं पुरतं. त्यात स्ट्रॅट पद्धतीच्या हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) तारा नटवरून निदान सरळ तरी जातात, ज्यांच्याकडे लेस पॉल टाइप तीन-तीन खुंट्यांचा हेडस्टॉक आहे तिथे डी आणि जी नटवरून बाहेरच्या बाजूला वळतात आणि हेडस्टॉक पण मागे जास्त झुकलेला असतो, त्यामुळे त्या लोकांची जी स्ट्रिंगची तक्रार तर जन्माची असते.

काकांनी जुना प्लास्टिकचा नट काढून ग्राफ टेकचा टस्क एक्सएल बसवला, याच्यात मटेरियलमध्येच टेफ्लॉनसारखं वंगण मिसळलेलं असतं. हाडाचा नट पण चांगला असतो, काकांचा जीव हाडावरच आहे, पण त्याच्या खाचेत अधूनमधून काहीतरी लावत राहावं लागतं. खरी कमाल मटेरियलची कमी आणि खाचेची जास्त आहे असं माझं मत झालंय. खाच तारेपेक्षा केसभर रुंद, तळ गोल, आणि खुंटीच्या दिशेने उतरती, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवर टेकते आणि मागे मोकळी जाते. कोणाला नट बदलायचाच नसेल तर स्ट्रिंग बदलताना प्रत्येक खाचेत ६बी पेन्सिलचं टोकदार शिसं घासा, ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं, अगदी थोडक्या पैशांत बराच फरक पडतो, फक्त दर वेळी परत करावं लागतं. कानस घेऊन घरी खाच मोठी करायच्या भानगडीत मात्र पडू नका, जरा जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग नवीन नटच.

आता ट्यूनरबद्दल, कारण तेही मनापासून आवडलेत. मागच्या बाजूला एक चाकासारखा स्क्रू असतो, तो फिरवला की खुंटीच्या आत एक पिन वर येऊन तार दाबून धरते, त्यामुळे दोन-तीन वेढे घ्यायची गरजच नाही, एक वेढा पण पूर्ण होत नाही. वेढेच नाहीत तर वेढे आवळत जाऊन सूर उतरणं पण नाही. स्ट्रिंग बदलणं इतकं पटकन होतं की गिगच्या मधे तार तुटली तरी घाम फुटत नाही. माझ्या सेटचा गिअर रेशो १८:१ आहे, म्हणजे खुंटी अठरा वेळा फिरवल्यावर आतला दांडा एकदा फिरतो, जुने १४:१ होते, त्यामुळे आता बारीक सूर लावणं फार सुखाचं झालंय. दांडे पण कमी-जास्त उंचीचे आहेत, लांबच्या तारांचे बुटके, त्यामुळे बी आणि वरच्या ई वरची स्ट्रिंग ट्री (तारा हेडस्टॉककडे दाबून धरणारी छोटी पकड) काढून टाकता आली, तिथलं घर्षण पण गेलं.

नावं ठेवायची तर दोन गोष्टी. हेडस्टॉक किंचित जड झालाय, पट्ट्यावर गिटार सोडली की नेक थोडी खाली जाते, रुंद लेदरचा पट्टा घेतल्यावर ते थांबलं. आणि विकत घ्यायच्या आधी हेडस्टॉकचं भोक मोजा, नव्या पद्धतीचं १० मिमीचं असतं, जुन्या पद्धतीचं त्याहून लहान असतं, तिथे ड्रिल मारावं लागतं आणि ते घरी करायचं काम नाही. माझी भोकं बरोबर होती पण मागच्या बारीक स्क्रूची जागा जुळत नव्हती, काकांनी जुन्या भोकांत फेव्हिकॉल लावून टूथपिक ठोकली, वाळल्यावर कापली आणि शेजारी नवीन भोक पाडलं, आता शोधूनही दिसत नाही.

बँडमधला एक मित्र म्हणत होता की एवढं करण्यापेक्षा फ्लॉइड रोज ब्रिजवाली गिटारच घे. तो ब्रिज उत्तमच आहे, १९७९ चं पेटंट आहे, नट आणि ब्रिज दोन्हीकडे तार स्क्रूने आवळलेली असते, सरकायचा प्रश्नच नाही. पण स्ट्रिंग बदलायची म्हणजे पाने घेऊन बसा, आणि मध्येच ड्रॉप डी (जाड ई तार डीपर्यंत उतरवणं) करायचं म्हटलं तर बाकीच्या पाच पण हलतात. मला ते नको होतं.

ब्रिजचं मात्र एक केलं आणि ते ट्यूनरइतकंच उपयोगी पडलं. आधी ब्रिज तरंगता होता, मागून साधारण ३ मिमी वर. तरंगत्या ब्रिजला एक बेंड मारला की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या सगळ्या तारा उतरतात, म्हणून बेंड करताना सोबत दुसरी तार वाजवली की बेसूर वाटतं, आणि एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. मे महिन्यात मागचं झाकण उघडून दोन स्प्रिंग वाढवल्या, आतल्या पंजाचे स्क्रू आवळले आणि ब्रिज बॉडीला टेकवून टाकला. बार वर ओढता येत नाही, खाली दाबता येतो, माझं काम तेवढ्यावर भागतं.

हवेचं सांगायलाच हवं कारण पुण्यात हा विषय मोठा आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहा-बारा डिग्री आणि दुपारी तीस, आणि स्टीलची तार थंडीत आकसते म्हणून चढते, गरम झाली की उतरते, याला जगातला कुठलाही ट्यूनर काही करू शकत नाही. कोथरूडहून दुपारी स्कूटरवर पाठीला गिटार लावून एसीत गेलं की पहिली पंधरा-वीस मिनिटं सूर चढतच राहतात, म्हणून पोचल्या पोचल्या बॅग उघडून ठेवायची, चहा प्यायचा आणि मग ट्यून करायचं. नव्या नटनंतर एवढं झालंय की एकदा खोलीच्या तापमानाला आली की अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये एखाद-दोन वेळाच हात लावावा लागतो, तोही दोन-तीन सेंटसाठी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). आधी प्रत्येक गाण्यामध्ये लागायचा. सवाई गंधर्वला कलाकार स्टेजवर तंबोरे लावत बसले तरी श्रोते शांत बसून ऐकतात, ते मला फार आवडतं, पण कॅफेतल्या गिगला तेवढा धीर कोणाकडे नसतो.

एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी झाली की फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागली, कारण लाकूड आकसतं आणि धातू तेवढाच राहतो. पावसाळ्यात उलटं, माझ्या नेकला जुलैमध्ये बाक वाढला आणि अॅक्शन वर आली (म्हणजे तारा फ्रेटपासून उंच गेल्या), मग बारावा फ्रेट दाबून वाजवला तर त्याच जागेच्या हार्मोनिकपेक्षा (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा यायला लागला. आधी ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा आवळला, पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिमी फट राहील इतका, आणि त्यानंतर जिथे अजून चढा येत होता तिथे सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घेतलं. क्रम हाच ठेवा, आधी नेक, मग इंटोनेशन (म्हणजे हे सॅडलचं काम). पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगू नका, बॅगेत सिलिका जेलची पाकिटं टाकून ठेवा, आणि वाजवून झाल्यावर तारा खालून-वरून जुन्या सुती कापडाने पुसा. जून ते सप्टेंबर मी कोटेड स्ट्रिंग लावते, महाग आहेत पण साध्या तारा इथल्या दमट हवेत पंधरा दिवसांत काळ्या पडतात, आणि गंजलेल्या तारेची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही म्हणून ती कुठेच धड सुरात लागत नाही.

नवीन स्ट्रिंग लावल्यावर ओढून घेणं कोणी टाळू नका. प्रत्येक तार मधल्या भागात धरून बोटभर वर ओढायची, ट्यून करायची, परत ओढायची, उतरायची थांबेपर्यंत. आणि ट्यून नेहमी खालून वर यायचं, चढली असेल तर आधी सुराच्या खाली नेऊन मग वर आणायची, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा तारेच्या ताणाने भरून निघतो. हे लॉकिंग ट्यूनरला पण लागू आहे.

एवढं सगळं करून पण एक गोष्ट तशीच राहते. माझी आई गाणं शिकवते, घरात तंबोरा कायम असतो, आणि मी क्लीन टोनवर सी मेजर धरून ठेवला की ती आतून सांगते, "तुझा गांधार चढा आहे." सूर दाखवणारा ट्यूनर हिरवा दाखवत असतो आणि ती पण बरोबर असते, कारण सप्तक बारा समान अर्ध्या स्वरांत वाटून फ्रेट बसवलेले असतात, त्यातला मेजर थर्ड तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा साधारण १४ सेंट वर असतो. डिस्टॉर्शन लावलं की ते जास्तच घासतं. एखादं पूर्ण गाणं ओपन ई शेपवरच असेल तर मी जी स्ट्रिंग पाच-सहा सेंट मुद्दाम खाली ठेवते, कारण त्या शेपमध्ये थर्ड तिच्यावरच येतो. त्यापेक्षा जास्त उतरवू नका, पुढच्या गाण्यात ओपन जी वाजवलीत की बेसिस्ट वळून बघेल.

आणि लॉकचा स्क्रू बोटाने जेवढा आवळला जातो तेवढाच आवळा, पक्कड लावू नका, पिनने बारीक ई चिमटली जाऊन तिथेच तुटते.