सेनहायझर एचडी ८०० एस: एवढे पैसे नेमके कशाचे?

या हेडफोनबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच आहे: ‘एवढी किंमत आणि प्लास्टिक?’ तक्रार समजण्यासारखी आहे. खोका मोठा, आत रेशमी अस्तर, आणि उचलून बघावं तर वस्तू हलकी. केबल सोडून वजन ३३० ग्रॅम. महागडी वस्तू हाताला जड लागली पाहिजे, असं आपल्या मनात कुठेतरी बसलेलं असतं.

माझं मत नेमकं उलट आहे. या हेडफोनमध्ये पैसे वसूल होतात ते आधी या हलकेपणात, आणि मग आवाजात.

मी ध्वनिपुस्तकांचं संपादन करते. वाचकाचा श्वास, ओठ सुटल्याचा बारीक आवाज, खुर्चीची करकर हे सगळं शोधून काढायचं, म्हणजे हेडफोन तासन्‌तास कानांवर. यापूर्वी माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचा प्लॅनर (चुंबकांमध्ये ताणलेल्या सपाट पडद्याचा) हेडफोन होता. लाकडी कप, धातूची कमान, खरं चामडं. बघत राहावं असा. दुपारपर्यंत मान भरून यायची. पुढे कप जिथे कमानीला जोडलेला असतो तिथला छोटा ठोकळा तडकला. तो सुटा मिळत नाही, अख्खा हेडफोन पाठवा, असं उत्तर आलं. गाद्या तर गोंदाने चिकटवलेल्या होत्या. बदलायच्या तर खरवडून काढाव्या लागत. ते लाकूड आणि चामडं यांचा टिकाऊपणाशी संबंधच नव्हता. ती सजावट होती आणि पैसे सजावटीचे घेतले होते.

एचडी ८०० एसच्या गाद्या बोटांनी ओढल्या की निघतात, नव्या दाबल्या की बसतात. केबल दोन्ही बाजूंनी सुटी होते. वरची कमान धातू आणि पॉलिमर यांचे थर एकावर एक देऊन केलेली आहे, जेणेकरून कंप एका कपातून दुसरीकडे जाऊ नये. कप इतके मोठे आहेत की कानाची पाळी कुठेच टेकत नाही. गादी कानाभोवती टेकते, कानावर नाही. चष्मा असूनही मला दाब जाणवत नाही, आणि घट्ट हेडफोन व चष्मा ही जोडी ज्यांनी सोसली आहे त्यांना यात काय आलं ते कळेल. एकच गोष्ट खटकते: केबलचे कपाकडचे जोड कंपनीच्या खास घडणीचे आहेत, त्यामुळे हाताशी असलेली कुठलीही केबल चालत नाही.

आता आवाज. २००९ साली मूळ एचडी ८०० आला तेव्हा त्याचं वैशिष्ट्य होतं ५६ मिलिमीटरचा कडीच्या आकाराचा ड्रायव्हर, म्हणजे कंपून आवाज काढणारा भाग. साध्या ड्रायव्हरचा पडदा मोठा केला की तो मधून वाकायला लागतो आणि आवाज बिघडतो. इथे मधला भागच काढून टाकला आहे, म्हणून आकार वाढूनही पडदा आवरात राहतो. शिवाय हे ड्रायव्हर कानापासून लांब आणि तिरपे बसवले आहेत, म्हणजे आवाज समोरून थोडा कलून येतो आणि कानाच्या वळणांवर आपटून आत जातो. डोक्याच्या आत गर्दी होण्याऐवजी वाद्यं बाहेर आपापल्या जागी बसलेली ऐकू येतात. चौघांच्या तंतुवाद्यमेळात व्हायोला नेमका कुठे आहे हे मी डोळे मिटून सांगू शकते. दुसऱ्या कुठल्याही हेडफोनवर मला हे इतकं स्पष्ट झालेलं नाही.

मूळ मॉडेलला ६ किलोहर्ट्‌झच्या आसपास एक टोचणारा उंचवटा होता, म्हणजे तेवढे सूर प्रमाणाबाहेर मोठे वाजायचे. ‘स’, ‘श’ ही अक्षरं कानात सुईसारखी लागायची. २०१६ च्या ‘एस’ आवृत्तीत त्यामागचा अनुनाद (ठरावीक सुराला वाढणारा कंप) शोषून घेणारी रचना कडीच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवली, आणि हा बदल खरोखर ऐकू येतो. तरी वरचे स्वर अजूनही उजळच आहेत. वाईट रेकॉर्डिंग हा हेडफोन झाकत नाही. माझ्या कामाला ते हवंच असतं. मनोरंजनासाठी ऐकणाऱ्याला कदाचित नको असेल. खर्जही नेमका आहे पण भरदार नाही. अगदी तळाचे सूर इक्वलायझरने (वरखालचे सूर कमी-जास्त करायच्या सोयीने) थोडे उचलावे लागतात, आणि उचलले तर तो ते नीट झेलतो.

पण किंमत वाढली की आवाज सुधारतो, यावर विश्वास ठेवू नका. २०१७ मध्ये ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापनं तपासली आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला सूर किती मोठा वाजतो ते) व किंमत यांत काहीही संबंध सापडला नाही. याच कंपनीचा एचडी ६०० हा १९९७ पासून बाजारात आहे. तो काही पटींनी स्वस्त, त्याहून हलका, जवळजवळ प्रत्येक भाग सुटा होणारा, आणि माणसाचा आवाज तर त्यावर माझ्या मते अधिक खरा वाटतो. त्याच्यात नसलेली गोष्ट म्हणजे वाद्यं आपापल्या जागी ऐकवणारी ही मोकळी जागा. ती जागा तुमच्या ऐकण्यात महत्त्वाची नसेल, तर एचडी ८०० एसवर पैसे घालू नका, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणा. जरासा मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच चांगला वाटतो. ३०० ओहम इतका जास्त विद्युतविरोध असलेल्या या हेडफोनला बरा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. तो नसताना ऐकून निकाल देणं अन्याय होईल. मागून उघडी रचना असल्याने आतलं सगळं बाहेर ऐकू येतं आणि बाहेरचं आत. शेजारी कुणी बसणार असेल तर हा पर्याय बादच.

वापरलेला मिळत असेल तर जरूर बघा, कारण बहुतेक झीज गाद्यांचीच होते आणि त्या बदलता येतात. आधी एक मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग लावा: आवाज बरोबर मध्यभागी आला पाहिजे. मग खालपासून वरपर्यंत हळूहळू चढणारा एकच सूर वाजवा. तो मध्येच डावीउजवीकडे सरकला किंवा कुठे खरखर आली, तर आधी गाद्या काढून परत नीट बसवा आणि पुन्हा ऐका. तरीही तसंच असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये आहे. तो हेडफोन घेऊ नका.