एअर रायफलच्या मागील साइटसाठी आयरिस: वापरानंतरचे मत

10 मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ 0.5 मिलिमीटरचा असल्याने, मागील साइटच्या (डोळ्याजवळच्या, नेम धरण्याच्या साधनाच्या) छिद्राचा व्यास 0.5 ते 3 मिलिमीटर बदलू देणारी ही आयरिस मी मोठ्या अपेक्षेने घेतली, आणि ती अपेक्षा बहुतांशी पूर्ण झाली. छिद्र लहान केले की पुढील साइटचे कडे आणि काळे लक्ष्य एकाच वेळी अधिक रेखीव दिसतात. मात्र 1 मिलिमीटरच्या बरेच खाली गेल्यास प्रकाश घटतो आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) कडा पुन्हा पुसट होतात, म्हणून माझ्या डोळ्याला 1.1 मिलिमीटरच मानवले. सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगाने निघालेला छर्रा लक्ष्यापर्यंत पोहोचेपर्यंत दीड सेंटिमीटरहून अधिक खाली येतो, पण ती घट साइटच्या उंचीने भरून काढायची असते, आयरिसने नव्हे, हे नवोदितांनी आवर्जून समजून घ्यावे. फिरवण्याची कडी किंचित सैल आहे, आणि या किमतीत ते खटकते.