हृदयाच्या वायरलेस मॉनिटरसाठी राखीव पट्टा की वाय-फाय?

रुग्ण वॉर्डात फिरत असतो, खिशातला ट्रान्समीटर त्याचा ईसीजी नर्सच्या टेबलावर पाठवत असतो. हा सिग्नल कोणत्या लहरींवरून जावा?

अमेरिकेत 1998 साली डॅलसमध्ये डिजिटल टीव्हीच्या चाचणी प्रक्षेपणामुळे एका रुग्णालयातले मॉनिटर बंद पडले. त्यानंतर, 2000 साली, एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेने) वैद्यकीय टेलिमेट्रीसाठी, म्हणजे रुग्णाची मोजमापं दूरवर बिनतारी पाठवण्यासाठी, रेडिओ लहरींचे काही पट्टे राखून ठेवले. 608 ते 614 मेगाहर्ट्झ हा त्यातलाच. या पट्ट्यात रुग्णालयाला उपकरणांची आगाऊ नोंदणी करावी लागते. आवाज किंवा व्हिडिओ पाठवायला मनाई आहे. जागा मात्र अगदी तोकडी, फक्त 6 मेगाहर्ट्झ, आणि अँटेनांचं जाळं वेगळं टाकावं लागतं.

2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायला ऐसपैस 83.5 मेगाहर्ट्झ मिळतात, जाळंही बहुधा आधीच असतं. पण तिथे कुणाचीच मालकी नाही: दुसऱ्याचा अडथळा आला तर निमूट सोसायचा, हाच नियम. पँट्रीतला मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास त्याच लहरींवर चालतो. वाय-फायवर माहितीचा तुकडा एकदा हुकला तरी पुन्हा पाठवता येतो, हे खरं. पण हृदयाचा ठोका चुकल्याचा इशारा काही सेकंद उशिरा येणं मला मान्य नाही.

अतिदक्षता विभागातून नुकत्याच बाहेर आलेल्या रुग्णासाठी मी राखीव पट्टाच निवडेन. तासातून एकदा तापमान नोंदवायचं असेल, तर वाय-फाय पुरेसं आहे.