डेस्कटॉपवर चॅटिंगला कुठलं ॲप? माझ्यापुरता निकाल लागलाय

दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असतो त्यामुळे दर मेसेजला फोन हातात घ्यायचा वैताग येतो. आधी एक ॲप वापरायचो, नाव नको घ्यायला, पण त्याला मेसेज आला की स्वतःची विंडो थेट पुढे आणायची खोड होती. मी दुसरीकडे पासवर्ड टाकतोय, नजर कीबोर्डवर, आणि तो पासवर्ड एंटरसकट ऑफिसच्या ग्रुपवर! दोन जणांनी अंगठाही दिला. त्याच दिवशी ॲप उडवलं.

मग बरीच शोधाशोध करून टेलिग्राम डेस्कटॉपवर आलो आणि तिथेच टिकलो. हलकं आहे, पटकन उघडतं, पोर्टेबल व्हर्जन मिळतं म्हणजे इन्स्टॉल न करताही चालतं, आणि एकदा लॉगिन झालं की फोन बंद असला तरी काही अडत नाही. पण मला खरी आवडली ती कीबोर्डची सोय. रिकाम्या चौकटीत वरचा बाण दाबला की आपला शेवटचा मेसेज एडिटला उघडतो, चूक सुधारा, एंटर, झालं काम (४८ तासांपर्यंत चालतं हे). एंटरऐवजी कंट्रोल-एंटरने मेसेज जाईल असं सेटिंग आहे, ते मी पहिल्या दिवशीच केलं, का ते वर वाचलंच असेल. लोकल पासकोड लावला तर कंट्रोल-एल दाबून ॲपला कुलूप लावून जागेवरून उठता येतं. फाइल २ जीबीपर्यंत फुकटात जाते, म्हणून फोनमधलं काहीही कॉम्प्युटरवर आणायचं तर सेव्ह्ड मेसेजेसमध्ये (म्हणजे स्वतःशीच असलेल्या चॅटमध्ये) टाकतो आणि मोकळा होतो, केबल शोधत बसायला नको.

आता खोट. साधे चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे बोलणाऱ्यांशिवाय कुणालाच, कंपनीलाही, वाचता येणार नाहीत असे) नसतात, ते त्यांच्या सर्व्हरवर राहतात. त्यासाठी सीक्रेट चॅट आहे, पण विंडोजच्या डेस्कटॉप ॲपमध्ये तेच नाही! म्हणजे नेमकं जिथे दिवसभर बसतो तिथेच नाही, काय म्हणायचं याला. म्हणून बँकेचं, घरचं बोलणं सिग्नल या दुसऱ्या चॅट ॲपवर ठेवलंय. तिथे सगळंच बाय डीफॉल्ट एन्क्रिप्टेड. ते इलेक्ट्रॉनवर बनलंय, म्हणजे पोटात अख्खा ब्राउझर घेऊन फिरतं, त्यामुळे जुन्या मशीनवर जरा जड जातं, आणि खातं आधी फोनवर काढावं लागतं. पण त्या कामासाठी एवढं चालवून घेतो.

पूर्वी पिजिन हे अनेक चॅट सेवा एकत्र चालवणारं ॲप होतं तेव्हा हा घोळच नव्हता. याहू, एमएसएन, एआयएम या तेव्हाच्या चॅट सेवा सगळ्या एका खिडकीत, कोण कुठे आहे ते लक्षातही ठेवावं लागायचं नाही. पिजिन अजून आहे, पण एआयएम २०१७ला गेलं, याहू मेसेंजर २०१८ला. माझ्या मशीनवर पिजिन अजून आयआरसी या जुन्या ग्रुप-चॅट पद्धतीपुरतं ठेवलंय, तिथे आता आम्ही तिघंच उरलोय.