ई-समाधान पोर्टल: फीच्या तक्रारीसाठी कितपत कामाचं?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ई-समाधान या तक्रार पोर्टलला पाचपैकी तीन गुण. प्रवेश रद्द केल्यावर कॉलेजनं पैसे अडवले असतील किंवा मूळ मार्कशीट दाबून ठेवली असेल, तर २०२२ साली सुरू झालेली ही सेवा कामाची आहे आणि फुकट आहे. पण फीच भरमसाट वाढवली असेल, तर इथे तक्रार टाकून वाट बघण्यात अर्थ नाही. इंदूरमध्ये भंवरकुआंच्या खोल्यांत राहून शिकणाऱ्या मुलामुलींचा गोंधळ इथेच होतो. ‘पैसे परत द्या’ आणि ‘फीवाढ मागे घ्या’ या दोन वेगळ्या मागण्या एका अर्जात कोंबल्या की एकीचंही धड उत्तर मिळत नाही.

पैसे परत मिळण्याचा नियम यूजीसी सत्रागणिक काढते. २०२४-२५ साठी तो असा होता: ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर सगळ्या आकारांसह पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची परत. त्यानंतरचा हिशेब २०१८ च्या अधिसूचनेवर जातो. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांच्या आत सोडलं तर ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यापुढे शून्य. कॉशन मनी, म्हणजे अनामत रक्कम, मात्र कधीही सोडलं तरी पूर्ण परत मिळतं. फीच्या रसीदीवर ती ओळ बहुतेक तळाशी असते, आणि ‘फी परत मिळणार नाही’ असं सांगताना कॉलेज ती रक्कमही गिळून टाकतं. रसीद हातात आली की आधी ती ओळ शोधा.

पोर्टल उघडण्याआधी कॉलेजला लेखी अर्ज गेलेला हवा. बऱ्याच तक्रारी इथेच फसतात. काउंटरवर तोंडी सांगितलेलं, बाबूला व्हॉट्सअॅपवर कळवलेलं पुढे कुठेच टिकत नाही, कारण दिवस मोजायचे ते अर्जाच्या तारखेपासून. अर्ज दोन प्रतींत लिहा. आवक-जावक शाखेत एक द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. पैसे अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करायचे असतात. सोळाव्या दिवशी पोर्टलवर जा.

पोर्टलवर ईमेलनं नोंदणी होते. विद्यार्थी म्हणून तक्रारीचा प्रकार आणि संस्था निवडायची, कागद जोडायचे, की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळतो. फॉर्म भरणं जमत नसेल तर १८००-१११-६५६ हा टोल-फ्री नंबर आहे. मजकुरात चारच गोष्टी ठेवा: भरलेली रक्कम, प्रवेश रद्द केल्याची तारीख, आवक क्रमांक आणि परत मिळायला हवी ती रक्कम. संताप खरा असतो, पण तो मोर्चात कामी येतो, या चौकटीत नाही. इंजिनिअरिंगसारख्या एआयसीटीई-मान्य (तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या) अभ्यासक्रमांचं वेळापत्रक वेगळं असतं. ती तक्रार एआयसीटीईकडेच करावी.

दोन गुण कापले ते याच्यापुढच्या कारभारासाठी. विद्यार्थ्यांच्या तक्रारी १० कामकाजाच्या दिवसांत निकाली काढू, असं यूजीसीनं जाहीर केलं होतं. पण आयोग स्वतः पैसे देत नाही, तक्रार संस्थेकडे पाठवतो. संस्थेनं ‘नियमानुसार कार्यवाही केली’ एवढं एक वाक्य लिहिलं की डॉकेट बंद होऊ शकतं. तसं झालं तर तेच कागद घेऊन संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. २०२३ च्या नियमांनुसार समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, आणि त्यांच्यासाठी मुदत ३० दिवसांची आहे. संलग्न कॉलेजांनाही हे लागू आहे.

मध्य प्रदेशात १८१ ही सीएम हेल्पलाइनही आहे. सरकारी कॉलेजसाठी ती पोर्टलपेक्षा जास्त झोंबते, कारण तक्रार मिटली नाही की वरच्या अधिकाऱ्याकडे चढत जाते. मात्र ‘तक्रार मागे घे’ म्हणून फोन येतात. पैसे खात्यात पडेपर्यंत ‘समाधान झालं’ म्हणू नका. तरीही तक्रार फोर्स क्लोज झाली, म्हणजे तुमच्या संमतीशिवाय बंद केली, तर तो निरोप जपून ठेवा.

आता फीवाढ. खासगी व्यावसायिक कॉलेजची फी भोपाळची प्रवेश व शुल्क नियामक समिती ठरवते, २००७ च्या कायद्यानं. इंदूरच्याच मॉडर्न डेंटल कॉलेजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं २ मे २०१६ रोजी तो कायदा वैध ठरवला. शिक्षणसंस्थेनं नफेखोरी करायची नाही, हे कोर्टानं बजावून सांगितलं आहे. म्हणून समितीनं ठरवलेली फी आणि तुमची रसीद शेजारी ठेवून बघा. जास्त घेतले असतील तर तक्रार भोपाळला.

इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाचे आयआयपीएस, आयएमएससारखे विभाग स्ववित्तपोषित आहेत, म्हणजे विभाग मुलांच्या फीवरच चालतो. तिथली वाढ कार्यपरिषदेत ठरते, आणि तिला कोणतंही पोर्टल हात लावत नाही. तिथे आरएनटी मार्गावर विद्यापीठाच्या कार्यालयासमोर जमणं, ज्ञापन (निवेदन) देणं, धरणं धरणं हाच रस्ता आहे, आणि तो मुलांचा हक्क आहे. सरकारी विद्यापीठात शिकायला कर्ज काढावं लागतं, हे कुणीतरी फाटकाशी उभं राहून सांगायलाच हवं.

ज्ञापनात ‘फीवाढ रद्द करा’ एवढंच लिहिलं तर उत्तर येतं ‘विचार करू’. फीवाढीच्या ठरावाची प्रत मागा, विभागाचा तीन वर्षांचा जमाखर्च मागा, आणि याच दोन गोष्टींसाठी १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज आधीच टाका. उत्तराला ३० दिवस लागतात, तेव्हा मोर्चाची तारीख त्या हिशेबानं धरा. पत्ता लिहिताना सांभाळा. मराठीत कुलपती म्हणजे राज्यपाल, पण इथल्या हिंदीत राज्यपाल कुलाधिपति, आणि २०२४ पर्यंत ज्यांना कुलपति म्हणत ते आता कुलगुरु. ज्ञापन कुलगुरूंना द्या, प्रत कुलाधिपतींना, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका.