रुंदीकरण: वाहिन्या हलवायच्या की तिथेच ठेवायच्या?

पुण्यातल्या पेठेतला रस्ता रुंद करताना दोन वाटा असतात. जमिनीखालच्या जुन्या वाहिन्या (पाणी, ड्रेनेज, केबल) तशाच ठेवून वरून काँक्रीट ओतलं, तर काम लवकर उरकतं, खर्चही कमी. पण फुटपाथखालची पाण्याची लाइन आता गाड्यांच्या चाकाखाली येते. ती फुटली की ब्रेकर लावून काँक्रीट फोडा, आणि नव्या काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस.

दुसरी वाट: आधी केबल फुटपाथखालच्या डक्टमध्ये (केबलसाठीच्या मोठ्या नळीत), पाण्याची लाइन ड्रेनेजपासून लांब आणि वर. महिनोन्महिने खड्डे, नळाला गढूळ पाणी. तरी मी हीच निवडेन.

कचऱ्याचं मात्र दोन्हीकडे सारखंच: घंटागाडी कोपऱ्यावरच थांबते, आजी बादली घेऊन फळीवरून चर ओलांडतात. दुसऱ्या वाटेत हे जास्त दिवस चालतं, म्हणून ढकलगाडीची सोय टेंडरमध्येच हवी.